मामूचा रानबकरा

आमच्या घरात शिकारीवर बोलायचा सगळा हक्क हमीदमामूचा होता, आणि हमीदमामूने जन्मात उंदीरसुद्धा मारलेला नव्हता. हा अम्मीचा धाकटा भाऊ. ओमानमधल्या इब्रीच्या एका सुतारकामाच्या कारखान्यात तो दारं-खिडक्या करायचा. राहायला मात्र आमच्याकडे, कारण कारखान्याच्या खोलीत सहा माणसं होती आणि आमच्याकडे अम्मीच्या हातचं कालवण होतं. ताटावर बसला की त्याच्या गोष्टी सुरू. दापोलीकडच्या आमच्या गावात त्याच्या आजोबांनी म्हणे धनुष्यबाणाने सांबर पाडलं होतं. दर वेळी त्या सांबराची शिंगं वीतभर वाढायची. अम्मी भाकरी वाढता वाढता म्हणायची, "हमीद, आपला आजा होडी हाकायचा रे. सांबर काय खाडीतून पोहत आलेलं?" मामू घास न थांबवता म्हणायचा, "तेच सांगतोय ना गो आपा. पोहतच आलेलं."

अब्बा या गप्पांत नसायचे. अब्बा शिंपी होते. पुढे दुकान आणि मागे आमच्या दोन खोल्या, मध्ये एक पडदा. ओमानी पुरुषांचे ते पायघोळ पांढरे अंगरखे, दिशदाशा, अब्बा शिवायचे. गळ्याशी एक छोटासा गोंडा असतो, त्याला अत्तर लावतात. तो गोंडा अब्बांच्या हातचा असला तर गिऱ्हाईक दुसरीकडे जात नसे. सकाळपासून मशीनचा आवाज, दुपारी खिडकीतल्या एसीची घरघर, आणि ऊन उतरलं की शेजारच्या खजुरीच्या बागेत सोडलेल्या पाण्याचा आवाज. त्या पाण्याच्या पाटाला तिकडे फलज म्हणतात. अम्मी शेवटपर्यंत पाटच म्हणत राहिली, आणि ओमानी बायकांना ते कळायचंही.

माझं काम सुईत दोरा ओवायचं. चार-पाच वर्षांची होते तेव्हापासून. अब्बांची नजर जवळचं पाहताना थकायची, म्हणून सकाळी दहा सुया ओवून एका चिंधीला टोचून ठेवायच्या आणि मग शाळेत जायचं. श्वास रोखायचा, दोऱ्याचं टोक पाहायचं नाही, सुईचं नेढं पाहायचं, हे मला कोणी शिकवलं नाही; दहा सुया संपेपर्यंत शाळेची बस निघून जाईल, या भीतीने ते आपोआप आलं. हे इतकं सविस्तर सांगते आहे, कारण पुढे जे झालं त्याचा दोष मामूला देण्यात सगळ्या घराचं एकमत होतं, पण खरा दोष त्या सुयांचा होता.

त्या थंडीत मामूने धनुष्य केलं. का केलं, याला उत्तर नाही. कारखान्याच्या मागे एक बोरीचं झाड तोडलं होतं, त्याची एक फांदी त्याला आवडली, एवढंच. पहिलं धनुष्य दोरी चढवतानाच मोडलं आणि त्याच्या हनुवटीला लागलं. दुसरं टिकलं. दोरीसाठी अब्बांच्या जाड नायलॉनच्या धाग्याची तीनपदरी वेणी घातली, तिला मेणबत्ती चोळली. बाणांना कारखान्यातल्या गोल काठ्या, टोकाला कानशीने घासलेले खिळे, आणि मागच्या पिसांसाठी अम्मीच्या कोंबड्या. दोन दिवस अम्मी "या कोंबड्यांना काय रोग पडलाय" म्हणत त्यांना हळद चोळत होती.

अंगणात चिंध्यांचं पोतं टांगून मामूने नेमबाजी सुरू केली. पहिला बाण शेजाऱ्याच्या अंगणात, दुसरा आमच्या दारात, तिसरा दोरीवर वाळत घातलेल्या एका गिऱ्हाइकाच्या दिशदाशातून आरपार. अब्बांनी बाहेर येऊन ते भोक पाहिलं, मामूला पाहिलं, आणि तो दिशदाशा आत घेऊन रफू करायला बसले. अब्बा ओरडले असते तर बरं झालं असतं, असं मामूसुद्धा म्हणाला. तो आत माफी मागायला गेला तेव्हा मी धनुष्य उचललं. श्वास रोखला. बाणाचं टोक पाहिलं नाही, पोत्यावरचा निळा डाग पाहिला. बाण त्या डागात बसला. दुसरा त्याच्या शेजारी. तिसऱ्या बाणाच्या वेळी मामू पडद्यात उभा होता आणि त्याचं तोंड उघडं होतं.

मी तेव्हा पंधराची. शाळेत मी कशातच पहिली नव्हते. धावण्यात मागे, गणितात त्याहून मागे, हस्ताक्षर असं की बाई वही उलटी धरायच्या. आणि अचानक एक गोष्ट अशी सापडली की मी ती केली की ती व्हायची. तो आनंद मी आजही विसरलेले नाही. महिनाभर रोज संध्याकाळी मी त्या पोत्याचा जीव घेत होते आणि मामू खाटेवर बसून "कोपर वर", "कोपर खाली", "वारा बघ" असं सांगत होता. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते मी प्रत्यक्ष पाहिलं आहे.

मग मामूच्या डोक्यात सहल आली. इब्रीच्या उत्तरेला डोंगरात एक वाडी होती. वाडी म्हणजे आपली वाडी नव्हे. डोंगरातली नदी, जिच्यात वर्षातले बरेच महिने नुसते दगड असतात, पण आत दूरवर गेलं की हिरव्या पाण्याचे डोह लागतात. तिथे तितर फार, असं मामूने सोमवारी सांगितलं. मंगळवारी ससे फार झाले. गुरुवारपर्यंत तिथे रानबकरा राहू लागला होता, सायकलच्या हँडलएवढ्या शिंगांचा.

"या मुलकात शिकारीला बंदी हाय," अब्बा म्हणाले.

"भावजी, तिथं डोंगरात कोण बघतंय?"

"अल्ला बघतोय. आणि त्याच्या खालोखाल पोलीस. व्हिसा खलास होईल तेव्हा तुझा तो सांबरवाला आजा येणार काय सोडवायला?"

शेवटी ठरलं ते असं, की सहलीला जायचं. धनुष्य न्यायचं, पण बाण मारायचा तो रिकाम्या डब्यावर. मामूने "इन्शाल्ला" म्हटलं. हा शब्द किती अर्थांनी म्हणता येतो हे ज्याने आखातात नोकरी केली आहे त्याला सांगायला नको.

शुक्रवारी पहाटे मामूच्या अर्बाबची, म्हणजे मालकाची, पिकअप घेऊन निघालो. अम्मीने तांदळाच्या भाकऱ्या, कोंबडीचं सुकं आणि जवळ्याची चटणी बांधून घेतली होती. रस्ता संपला तिथे गाडी सोडली आणि डोहांतून पुढे निघालो. कमरेएवढं पाणी, म्हणून मामूने ट्रकच्या टायरची फुगवलेली ट्यूब आणली होती, तिच्यावर एक फळी बांधून त्या फळीवर जेवणाचे डबे, स्टोव्ह, चटई आणि धनुष्य. अम्मी पुढे साडी खोचून चालली होती आणि दर दहा पावलांनी वळून "माझी भाकरी भिजव आणि मग बघ" असं मामूला बजावत होती. दोन्ही बाजूंना उभे डोंगर. बोललं की आपलाच आवाज परत यायचा. मामूने दोन वेळा आरोळी ठोकून पाहिली, तेव्हा अब्बा म्हणाले, "तुझा रानबकरा आता मस्कतला पोचला असेल."

माझी नात हल्ली हा प्रसंग ऐकताना मला नेहमी इथेच थांबवते. आम्ही आता मस्कतमधल्या बौशरला राहतो. लेकीचं घर चौथ्या मजल्यावर, समोर मॉल. नातीचं मराठी चालताना अडखळतं. "नानी, पण तू ॲनिमलला शूट करणार होतीस? दॅट्स सो मीन." मी तिला सांगते की हो, करणार होते. आता डोंगरातल्या त्या रानबकऱ्यांचं चित्र तिच्या शाळेच्या पुस्तकात आहे, त्यांना जपा असं खाली लिहिलेलं आहे, आणि ते फार बरोबर आहे. पण पंधराव्या वर्षी मला तो हवा होता. खोटं कशाला बोलू? रात्री झोपताना मला त्याची शिंगं दिसायची.

तिसऱ्या डोहापाशी चटई अंथरली. अम्मीने स्टोव्ह पेटवला, अब्बा पाण्यात पाय सोडून बसले. मामूने मला खुणेने बाजूला बोलावलं. वर, पंचवीसेक पावलांवर, एका खडकाच्या कपारीत तो उभा होता. उन्हाच्या दिशेला, म्हणून नुसता काळा आकार दिसत होता. पण शिंगं होती, मागे वळलेली. त्याने स्वतः पहिला बाण सोडला तो डोहात पडला. तो आकार जागचा हलला नाही. मामूने धनुष्य माझ्याकडे दिलं आणि कुजबुजला, "नसू, बिस्मिल्ला म्हण आणि सोड."

रिकाम्या डब्याचा करार मला आठवत होता. आठवूनही मी बिस्मिल्ला म्हटलं, श्वास रोखला, मान कुठे असेल ते पाहिलं आणि सोडला. बाण लागला, लागल्याचं हाताला आधीच कळतं. तो आकार दचकून उडाला, वळला, उडी मारून खडकामागे गेला, आणि जाताना त्याच्या गळ्यातली घंटा वाजली. टुण टुण टुण. डोंगराने ती आम्हाला पुन्हा एकदा ऐकवली.

मी मामूकडे पाहिलं. मामू आभाळाकडे पाहत होता. रानबकऱ्याच्या गळ्यात घंटा कोण बांधतं?

अब्बा तोवर उभे राहिले होते. घंटा त्यांनीही ऐकली होती. माझ्या हातातलं धनुष्य त्यांनी पाहिलं. मामू म्हणाला, "भावजी, कोणी पायलं नाय. यल्ला, डबे भरतो, निघू या." अम्मी एकदा भावाकडे, एकदा नवऱ्याकडे बघत होती. अब्बांनी चपला घातल्या, बाही खाली ओढून बटणं लावली, आणि मग म्हणाले, "वर सालेमचं गाव हाय."

तेव्हा माझं धाबं दणाणलं. सालेम हे अब्बांचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. एकटा तो नव्हे, त्याचं सगळं गाव. ईदच्या आधी त्या डोंगरावरून कापडाचे गठ्ठे खाली यायचे, म्हाताऱ्यांपासून तान्ह्यांपर्यंत सगळ्यांचे, आणि कोणी कधी मीटर मोजून देत नसे की उरलेला तुकडा मागत नसे. अब्बा उरलेला प्रत्येक तुकडा घडी घालून परत पाठवायचे. परक्या मुलकात एका शिंप्याने एवढ्या वर्षांत कमावलेलं होतं ते एवढंच, की त्या गावाचा त्याच्यावर डोळे मिटून विश्वास. आणि त्या गावच्या बकरीला त्याच्या मुलीने बाण मारला होता. "वर गेल्यावर कोणी तोंड उघडायचं नाय," अब्बा म्हणाले. "काय सांगायचं ते मी सांगेन."

चढ तासाभराचा होता. वाटेत बकरी मरून पडलेली दिसते का, म्हणून मी प्रत्येक दगडामागे बघत होते. दिसली नाही. ते जास्त वाईट वाटलं. म्हणजे कुठेतरी तडफडत असणार.

सालेमने आम्हाला लांबूनच पाहिलं आणि हात पसरून सामोरा आला. बायकांनी आतल्या दाराने जायचं, पुरुषांनी मजलिसमध्ये, म्हणजे बाहेरच्या बैठकीत. मध्ये एक खिडकी होती, तिला जाळी. तिकडचं मला अर्धं दिसत होतं. उरलेलं मामूने नंतर सांगितलं, आणि मामू असल्यामुळे त्यातलं अर्धं सोडून द्यायचं.

ओमानच्या आतल्या भागात एक रीत आहे. पाहुणा बसला की यजमान विचारतो, काय उलूम? म्हणजे काय खबरबात? पाहुण्याने म्हणायचं, खबर काही नाही, सगळं खैर. घरी मयत झालेलं असलं तरी आधी हेच म्हणायचं. मग कॉफी, खजूर, आणि ते सगळं झाल्यावर मग काय ती खरी खबर. अब्बांना ही रीत इतकी पाठ झाली होती की सालेमने "काय उलूम, उस्ताद?" म्हणताच त्यांच्या तोंडून निघून गेलं, "खबर काही नाही. सगळं खैर." बोलून झाल्यावर त्यांचा चेहरा पडलेला मी जाळीतून पाहिला. सालेमच्या काकाने विचारलं. तेच उत्तर. दारातून एक शेजारी आला, त्यानेही विचारलं. तिसऱ्यांदा सगळं खैर.

आता कॉफी संपेपर्यंत थांबणं भाग. ती कॉफी बोटभर कपात देतात. पुरे झाली की कप हलवून दाखवायचा, नाहीतर वाढणारा ओततच राहतो. अब्बा कप हलवायला विसरले. विचारात होते, कप नुसता पुढे धरत होते. सालेमचा पुतण्या ओतत होता. मामू म्हणायचा अकरा कप. मी स्वतः सात मोजले. कॉफी संपल्याशिवाय बोलता येईना, आणि कप हलवल्याशिवाय कॉफी संपेना. मामूने शेवटी त्यांच्या मनगटाला धक्का दिला तेव्हा कुठे तो कप हलला. अब्बांनी घसा साफ केला. तेवढ्यात सालेम मोठ्याने अंगणात ओरडला, "उस्ताद घरच्यांना घेऊन पहिल्यांदा आलाय! पांढऱ्या कपाळाची ती बकरी पकडा. दुपारला तीच कापायची!"

अब्बांनी घसा पुन्हा आत घेतला.

इकडे आत सालेमची आई होती. तिला सगळे हबूबा म्हणत, म्हणजे आजी. चेहऱ्यावर तो सोनेरी झाक असलेला बुरखा, म्हणजे कपाळ-नाक झाकणारा मुखवटा, हाताला मेंदी, एक गुडघा सुजलेला. तिला मराठी येत नव्हतं, अम्मीला अरबी येत नव्हतं, आणि दोघी एवढ्या वेळात गुडघ्यांचं तेल, सुना आणि मिरच्यांचे भाव यावर बोलून मोकळ्या झाल्या होत्या. अंगणातून कोणीतरी येऊन सांगितलं, पांढऱ्या कपाळाची सापडत नाही. सगळ्या आल्या, ती एकटीच आलेली नाही. हबूबाने कोपऱ्यातली काठी उचलली. ती बकरी दुसऱ्या कोणाच्या हाकेला येत नाही, म्हणाली, मीच बघते. आणि उठली. उठताना तिने भिंतीला हात टेकला आणि तो सुजलेला गुडघा दोनदा वाकून परत सरळ झाला. बाहेर ऊन डोक्यावर आलं होतं. वरती तो सगळा डोंगर होता.

अब्बांनी तोंड उघडायचं नाही म्हणून सांगितलं होतं. मी अम्मीकडे पाहिलं. ती माझ्याकडे बघत नव्हती, मुद्दाम. मी हबूबाच्या पुढे जाऊन उभी राहिले. माझं अरबी सगळं दुकानातलं. लांबी, रुंदी, खांदा, ईदच्या आधी, ईदच्या नंतर. बाणाला काय म्हणतात ते मला माहीत नव्हतं. "हबूबा, जाऊ नकोस. बकरीला मी मारलं," एवढं म्हणून मी धनुष्य ओढून दाखवलं. रडू आलं ते आवरलं नाही.

आणि त्याच वेळी, अगदी त्याच वेळी, जाळीपलीकडून अब्बांचा आवाज आला. "सालेम, ती बकरी शोधू नका. तिला मी बाण मारला."

हबूबाने माझ्याकडे पाहिलं, जाळीकडे पाहिलं, माझं मनगट धरलं आणि काठी टेकत मला घेऊन सरळ बैठकीत शिरली. सगळे पुरुष उठून उभे राहिले. आम्हाला बघून मामूचा धीर सुटला. "मैंने मारा!" तो हिंदीत ओरडला, "धनुष मेरा है!" एका बकरीला तीन मारेकरी. सालेमचा काका खजूर खायचा थांबला.

हबूबाने कोणालाच काही विचारलं नाही. आधी मामूची बाही वर केली. मग अब्बांची, बटणं स्वतः काढून. अब्बांचा हात आतून गोरा आणि स्वच्छ, शिंप्याचा हात. मग माझी. माझ्या डाव्या हाताला कोपरापासून मनगटापर्यंत काळानिळा पट्टा होता. दोरी सुटली की तिथे बसते, रोज बसायची, मी पूर्ण बाहीचे कपडे घालून महिनाभर लपवला होता. अम्मीनेही तो तेव्हाच पाहिला. हबूबाने त्यावर अंगठा फिरवला आणि मुलाला म्हणाली, "ही."

सालेम अब्बांकडे वळला. तो आता हसत नव्हता. "उस्ताद. माझ्या बैठकीत, माझी कॉफी पिऊन, खोटं बोललास?"

"हो," अब्बा म्हणाले.

"का?"

अब्बांना अरबी माझ्याहून कितीतरी चांगलं यायचं. तरी ते एवढंच म्हणाले, "मुलगी आहे."

मला आठवतंय, खाली जमिनीवर खजुराच्या बिया पडल्या होत्या, त्या मी बघत होते. मला वाटलं, संपलं. आता कापडाचे गठ्ठे येणार नाहीत, अब्बांचं नाव गेलं, आणि हे सगळं एका निळ्या डागाच्या नादाने.

मग अंगणात घंटा वाजली. टुण टुण टुण. पांढऱ्या कपाळाची बकरी आपल्या पायांनी दारात आली, तोंडात कुणाच्या तरी परसातला पाला, आणि उजव्या कानातून आमचा बाण आडवा लोंबत होता. अम्मीच्या कोंबडीचं पीस हलत होतं. तिने बैठकीत डोकं घातलं, सगळ्यांना पाहिलं आणि चघळत राहिली. आधी सालेमचा काका हसला. मग पुतण्या. मग सालेमने भिंतीला डोकं टेकलं आणि त्याचे खांदे हलायला लागले.

हसून झाल्यावर त्याने डोळे पुसले आणि अब्बांना म्हणाला, "खालून खालीच निघून गेला असतास तर मला कधी कळलं नसतं. एका बकरीचं खरं सांगायला एवढा चढ चढून आलास, आणि वर येऊन पोरीसाठी खोटं बोललास. बस. खाली बस उस्ताद, उभा काय राहिलास?" अब्बा बसले.

हबूबाने तोवर बाण काढला, मिठाचं पाणी लावलं आणि बकरीचे दोन्ही कान हातात घेतले. तिकडे ज्याच्या त्याच्या बकऱ्यांच्या कानाला ज्याची त्याची खूण असते. डाव्या कानाला हबूबाची जुनी खाच होती. उजव्या कानाला माझं नवं भोक. मग तिने निकाल दिला. डावा कान मी कापला तेव्हा ही माझी होती. नंतरची खूण या पोरीची. म्हणजे बकरी आता हिची.

"मग कापायचं काय?" सालेमने विचारलं.

"दुसरं काहीतरी बघ. पाहुणीला तिचीच बकरी कापून वाढणारं घर माझं नाही."

दुसरी बकरी कापू नका म्हणून मात्र अब्बांनी असे हात जोडले की सालेमने ऐकलं. मग भात झाला, आणि भाताबरोबर सुकवलेला मासा, कुसकरलेला, वर लिंबू आणि कांदा. अम्मीने पहिला घास घेतला आणि तिचे डोळे चमकले. "नसूचे अब्बा, ही सुकी मुशी हाय! आपली मुशी!" दापोली सोडल्यापासून तिने हा शार्कच्या जातीचा मासा खाल्ला नव्हता. समुद्र दोन्हीकडे एकच, मासाही तोच, हे अम्मीला त्या डोंगरावर कळलं. आमच्या कोंबडीच्या सुक्याचा डबा सालेमच्या काकाने एकट्याने संपवला. मामूने तिसऱ्या वाढणीला सांबराची गोष्ट हिंदीत सुरू केली, आणि मी सांगते, तिथेही लोकांनी ती ऐकून घेतली.

बकरी हबूबाकडेच राहिली. आमच्या दोन खोल्यांत ती कुठे ठेवणार? पण त्या ईदला गठ्ठ्यांबरोबर निरोप आला, की नसीमाच्या बकरीला दोन पिल्लं झाली, एक अगदी आईवर गेलंय, हाकेला येत नाही.

परतीच्या वाटेवर अब्बा माझ्याशी बोलले नाहीत. घरी आल्यावरही नाहीत. रागावले असते तर मी रडून मोकळी झाले असते. धनुष्य मी स्वतःच पलंगाखाली सरकवून ठेवलं आणि ते आता मामूला परत द्यायचं असं ठरवलं. दोन दिवस मी सुया ओवत राहिले आणि ते त्या चिंधीवरून उचलत राहिले. अब्बांनी त्या डोंगरावर आयुष्यभराचं नाव माझ्यासाठी पणाला लावलं होतं, आणि मला त्यांना साधं "माफ करा" म्हणता येत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी शाळेतून आले तर माझ्या उशीवर एक वस्तू होती. जाड खाकी कापडाची, आतून मऊ अस्तर, मनगटाशी आणि कोपराशी बांधायला दोन बंद. टीप अशी बारीक की ईदच्या दिशदाशालासुद्धा अब्बा इतकी बारीक घालत नसत. मी ती डाव्या हातावर चढवली. निळा पट्टा पुरता झाकला गेला. माप कधी घेतलं, मला कळलंच नव्हतं.

धनुष्य काढून मी अंगणात गेले आणि पोत्यासमोर उभी राहून दोरी ओढली, सोडली. हाताला काही लागलं नाही. मागे वळले तर पडद्यापाशी अब्बा उभे होते, गळ्यात टेप.

"फक्त पोत्यावर," ते म्हणाले.

"हो, अब्बा."

ते आत जायला निघाले आणि थांबले. "आत दोन बोटं कापड जास्त ठेवलंय," म्हणाले. "हात मोठा झाला की आणून दे. उसवून देईन."